बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे: एका मुलाचा अनुभव

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून (नर्सिंग कौन्सिलकडून) माझे नोंदणी प्रमाणपत्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये आले आणि बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण कागदोपत्री पूर्ण झाले. तेव्हापासून परभणी, हिंगोली, बीडकडच्या मुलांचे अधूनमधून फोन येत असतात. प्रवेश, शुल्क, राहण्याची सोय हे सगळे विचारून झाले की फोन ठेवण्यापूर्वी जवळपास प्रत्येक जण आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारतो, ती म्हणजे मुलींच्या कोर्सला मुलाचे कसे निभते. दोन मिनिटांत देता येईल असे त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

मी बारावी झालो ते वर्ष करोनाचे होते. नीटची परीक्षा १३ सप्टेंबर २०२० रोजी झाली, निकाल आला आणि एम.बी.बी.एस.चा विषय आमच्या घरात तिथेच संपला. त्या वर्षी राज्यातील बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेशही नीटच्या गुणांवर आणि सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून होत होते. आता त्यासाठी राज्याची वेगळी नर्सिंग सीईटी आहे, हे नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात आणि खुल्या प्रवर्गासाठी त्यांत एकत्रित किमान ४५ टक्के गुण लागतात. पसंतीक्रम भरताना माझ्या मनात नर्सिंग हा नाइलाजाचा पर्याय नव्हता, आणि त्याचे कारण घरातच होते. आजोबांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर ते तीन वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्यांना कुशीवर वळवणे, पाठ पुसून पावडर लावणे, लघवीचे भांडे देणे हे बहुतेक मीच करत असे, आणि त्याबद्दल गावात माझे कौतुकच होत असे. तेच काम अनोळखी माणसासाठी, शिकून आणि पगार घेऊन करायचे ठरवल्यावर मात्र ते बाईमाणसाचे काम ठरले. चुलत्यांनी वडिलांना पारावर सर्वांसमोर विचारले, "पोरगा काय सिस्टर व्हायलाय का?" वडील गप्प राहिले. पुढे कितीतरी दिवस ते लोकांना मी 'मेडिकल लाइनला' आहे एवढेच सांगत. त्यांना खोटे बोलायचे नव्हते आणि खरे सांगायला अजून धीर होत नव्हता, हे मला कळत होते, म्हणून मी ते कधी वाढवले नाही.

प्रवेश फेब्रुवारी २०२१ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील एका खासगी महाविद्यालयात मिळाला. शुल्क वर्षाला लाखाच्या आसपास होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवले होते. तहसीलमधून दाखले निघायला लागतो तेवढा वेळ प्रवेशाच्या दोन फेऱ्यांमध्ये मिळत नाही, तेव्हा दाखल्यांचे काम निकालाची वाट न पाहता उरकून घ्यावे. दुसरी तयारी मुलांनी विशेष करून करावी, ती राहण्याची. आमच्या महाविद्यालयाचे वसतिगृह फक्त मुलींसाठी होते आणि माहितीपुस्तिकेत 'वसतिगृहाची सोय' एवढेच छापले होते. आम्ही तिघांनी मिळून खोली घेतली. माझ्या वाट्याला महिन्याला अडीच हजार भाडे आणि त्याहून थोडी जास्त खाणावळ येत असे. हा खर्च मुलींच्या हिशेबात नसतो, मुलाच्या हिशेबात तो पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.

साठ जणांच्या वर्गात आम्ही मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होतो. परिचयाच्या तासाला बाईंनी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालातील आकडा सांगितला: जगातील परिचर्या मनुष्यबळात सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत. सगळ्या वर्गाने आमच्याकडे वळून पाहिले. त्या पाहण्यात वाईट काही नव्हते, पण आपण कुठेही बसलो, काहीही बोललो तरी ते सर्वांच्या लक्षात राहणार, याची जाणीव तेव्हा झाली आणि चारही वर्षे टिकली. एखादी मुलगी गैरहजर राहिली तर पटावर एक अनुपस्थिती लागे. आमच्यापैकी कोणी गैरहजर राहिला तर 'आज मुले आली नाहीत' असे म्हटले जाई.

पहिल्या वर्षी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, मानसशास्त्र असे विषय असतात, परंतु मन गुंतले ते परिचर्येच्या मूलतत्त्वांत. अंथरुणावरच्या रुग्णाला अंघोळ घालण्याची पद्धत आम्हाला आधी प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावर शिकवली गेली. डोळे साबणाशिवाय पुसायचे, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. हात पुसायचा तो मनगटाकडून खांद्याकडे. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा आणि बाकी सर्व अंग चादरीखाली. पाठ पुसताना माकडहाड, टाचा, खांद्याची हाडे लाल झाली आहेत का ते पाहायचे आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. आजोबांसाठी मी हे अंदाजाने करत आलो होतो. आता प्रत्येक हालचालीमागचे कारण कळत होते आणि चादर कुठे धरायची यात माणसाची लाज कशी राखली जाते तेही कळत होते. त्या तासाला मी जितका एकाग्र झालो तितका त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही तासाला झालो नाही.

प्रत्यक्ष वॉर्डात गेल्यावर मात्र आमची विभागणी न सांगता होऊ लागली. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या रुग्णालयात आमची पोस्टिंग होती. मुली औषधांची ट्रॉली, ड्रेसिंग, रुग्णांचे शिक्षण, नोंदी यांत असत. आम्हाला हाक येई ती रुग्ण उचलायला, ऑक्सिजनचा सिलिंडर ओढायला, नातेवाइकांची गर्दी हटवायला आणि पुरुष रुग्णांना लघवीची नळी घालायला. नळी घालण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते नाजूक आणि निर्जंतुकतेचे काम आहे आणि ते उत्तम यायला हवे. पण आठवडा संपताना माझ्या नोंदवहीत नळ्याच नळ्या आणि मुलींच्या नोंदवहीत एकही नाही, असे दिसू लागले तेव्हा दोघांचेही शिक्षण अर्धे राहत आहे हे मी वर्गशिक्षिकांना जाऊन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि पुढच्या पोस्टिंगपासून कामांची फिरती यादी लावली. नंतर येणाऱ्या मुलांना माझे सांगणे असे की आपली नोंदवही दर शनिवारी पाहावी, काय राहिले आहे ते मोजावे आणि तोंडी कुरकुर करण्याऐवजी वही घेऊन बाईंसमोर उभे राहावे. आपण वजन उचलू शकतो म्हणून उचलतच राहिलो तर पुढे अतिदक्षता विभागात उभे राहिल्यावर हाताला फक्त वजनच ठाऊक असते.

त्याच वॉर्डात दुसरी एक गोष्ट रोज घडत असे. तिच्याबद्दल मुले फारशी बोलत नाहीत, परंतु बोलले पाहिजे. पांढरा एप्रन घालून मी खाटेजवळ गेलो की नातेवाईक उठून उभे राहत आणि मला 'डॉक्टरसाहेब' म्हणत. माझ्या शेजारी वीस-बावीस वर्षे नोकरी झालेल्या परिसेविका उभ्या असत. त्यांना 'ओ सिस्टर, सलाईन संपली' अशी हाक असे आणि त्यांनी आत्ताच सांगितलेली गोष्ट खरी आहे ना, हे माझ्याकडून पक्के करून घेतले जाई. मी पुरुष आहे एवढ्यावर मला जे मिळत होते ते माझे नव्हते. मी प्रत्येक वेळी थांबून सांगत असे, "मी डॉक्टर नाही, नर्सिंगचा विद्यार्थी आहे. हे सिस्टरना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यांनाच विचारा." काही नातेवाईक ओशाळत, काहींना माझी दया येई. एका आजींनी तर फार मनापासून समजूत घातली, "ऱ्हाऊ दे बाळा, पुढच्या टायमाला लागशील डाक्टरकीला." त्यांच्या मायेबद्दल आदर ठेवूनही मला त्यांना सांगावे लागले की मी मागे राहिलेला डॉक्टर नाही, हेच शिकायला आलो आहे. त्या वेळी ते मोठ्याने म्हणताना मला स्वतःलाही ते पहिल्यांदा नीट ऐकू आले.

तिसऱ्या वर्षी बालरोग आणि मानसिक आरोग्य हे विषय असतात. बालरोग वॉर्डात न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेले सव्वा वर्षाचे एक बाळ पहाटे गेले. आम्ही तीन दिवस त्याची वाफ, श्वासाची गती, दूध हे सर्व पाहत होतो. वर्गातल्या मुली रडू लागल्या, सिस्टरांनी त्यांना आतल्या खोलीत नेले, पाठीवरून हात फिरवला, चहा दिला. मला सांगण्यात आले, "तू मुलगा आहेस, तू आवर." मी बाळाची सुई काढली, चिकटपट्टीचे डाग पुसले, कापूस लावला, कपड्यात गुंडाळले, नावाची चिठ्ठी बांधली आणि त्याच्या वडिलांच्या हातात दिले. ते काम मी व्यवस्थित केले आणि तसे ते व्हायलाच हवे होते. खोलीवर आल्यावर मात्र माझे हात थरथरू लागले आणि संध्याकाळपर्यंत थांबेनात. दुसऱ्या दिवशी मी बालरोग परिचर्येच्या बाईंना भेटलो आणि मलाही बसायचे आहे, असे सांगितले. हे वाक्य तोंडातून काढायला मला जितके जड गेले तितके त्या चार वर्षांत दुसरे काही गेले नाही. त्यांनी खुर्ची दिली, दार लोटून घेतले आणि त्यांनी स्वतः वॉर्डात पाहिलेल्या पहिल्या मृत्यूची हकीकत सांगितली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलामुलींना एकत्र बसवून त्या पहाटेबद्दल बोलते केले आणि आमच्यातला एक जण, जो खोलीवर कधी एक शब्द बोलत नसे, तो तिथे बराच वेळ बोलला.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी आम्ही येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात गेलो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि बहुतेक महाविद्यालये आपल्या विद्यार्थ्यांना यांपैकी एखाद्या ठिकाणी पाठवतात. जाण्यापूर्वी मित्रमंडळींत हवा अशी होती की तिथे मुलांचे काम म्हणजे आरडाओरडा करणाऱ्याला धरून ठेवणे. प्रत्यक्षात शिकायला मिळाले ते उलटे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या ९७ व्या कलमानुसार रुग्णाला बांधणे किंवा जखडणे हे त्याला वा इतरांना होऊ घातलेली तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही तेव्हाच, आवश्यक तेवढ्याच वेळापुरते आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीनेच करता येते. त्याआधी बरेच काही करायचे असते. हाताच्या अंतरापेक्षा दूर उभे राहायचे, थोडे तिरके, दाराची वाट मोकळी ठेवून. हात दिसतील असे ठेवायचे. आवाज त्याच्यापेक्षा खालच्या पट्टीत ठेवायचा. एका वेळी एकाच माणसाने बोलायचे. गावाकडे आम्हा मुलांना लहानपणापासून शिकवले जाते ते समोरचा अंगावर आला की छाती काढून उभे राहायला, त्यामुळे तिरके उभे राहणे माझ्या अंगात यायला सर्वांत जास्त वेळ लागला. आमच्या शिक्षिकेने एका बेचैन रुग्णासमोर जमिनीवर मांडी घालून बसत त्याला नाव विचारले आणि दहा मिनिटांनी तो तिच्याजवळ बसून जेवत होता. तिला तिथे कोणाच्या ताकदीची गरज पडली नाही.

आता चौथ्या वर्षाबद्दल लिहितो, कारण मुलांचे प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतात. प्रसूतिपूर्व, प्रसूती आणि प्रसूतिपश्चात परिचर्या हा विषय मुलामुलींना सारखाच आवश्यक आहे. आमच्या अभ्यासक्रमात ३० गरोदर मातांची तपासणी, २० नैसर्गिक प्रसूती, २० प्रसूत मातांची शुश्रूषा अशी नोंदवहीत पूर्ण करायची उद्दिष्टे होती आणि प्रत्येक नोंदीवर सही लागत असे. विभागातल्या एका ज्येष्ठ शिक्षिका सांगत की त्यांच्या काळात मुलांना प्रसूतिशास्त्राऐवजी मानसोपचाराची पोस्टिंग दिली जाई. नियम बदलले, परंतु प्रसूती कक्षाच्या दारात जुना नियमच उभा होता. पहिल्या दिवशी मुली आत गेल्या आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसून तक्ते तयार करायला सांगितले. आमच्यासमोरून पुरुष स्त्रीरोगतज्ज्ञ आत जात होते, पुरुष इंटर्न डॉक्टर जात होते आणि त्यांना कोणी अडवत नव्हते. रुग्णाला पुरुष चालत नाही, असे कारण आम्हाला दिले जाई. आत पडलेल्या बाईला मात्र कोणी विचारलेले नसे.

मी आणि माझा एक सहाध्यायी विभागप्रमुख बाईंकडे गेलो. नोंदवही अपूर्ण राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही हे आम्ही सांगितलेच. पण माझे खरे म्हणणे असे होते की नकार द्यायचा हक्क त्या बाईचा आहे, तो तिच्या वतीने दुसऱ्या कोणी वापरू नये, आणि तिने नकार दिला तर आम्ही एक शब्दही न बोलता बाहेर येऊ. विभागप्रमुख स्वतः आमच्याबरोबर आल्या, परिसेविकांशी बोलल्या आणि दोघींनी मिळून पद्धत ठरवली. तीच पद्धत मी पुढे अंतिम वर्षभर पाळली आणि नव्या मुलांनाही तीच सुचवतो. प्रसूती कक्षात पहिल्यांदा तोंड दाखवू नये. आदल्या दिवसांत गरोदर मातांच्या तपासणीच्या ओपीडीत बसावे, रक्तदाब घ्यावा, लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगावे, म्हणजे कळा सुरू झाल्यावर आपण तिला परके नसतो. संमती तिला स्वतःला विचारावी, सासूला किंवा नवऱ्याला विचारून भागवू नये. कळा ओसरलेल्या असताना विचारावे. कळ चालू असताना दिलेल्या होकाराला अर्थ नसतो. महिला कर्मचारी सोबत असल्याशिवाय पडद्याच्या आत पाऊल टाकू नये. प्रत्येक तपासणीआधी काय करणार ते सांगावे, आणि सांगून झाल्यावर क्षणभर थांबावे.

मी घेतलेली पहिली प्रसूती एका ग्रामीण रुग्णालयात झाली. ती बाई दुसऱ्या खेपेची होती आणि ओपीडीत तिने मला पाहिले होते. मी विचारले तेव्हा तिने माझ्याकडे न पाहता सिस्टरांना विचारले, "तुमी हायसा न्हवं हितं?" त्या म्हणाल्या, "मी हलत नाही." मग तिने मान हलवली. पुढचा तास मी तिच्या उशाशी होतो. बाळाचे ठोके ऐकून पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवायच्या तक्त्यावर, नोंदत होतो, कमरेवर दाब देत होतो, पाणी देत होतो. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडल्यावर हातमोजे घालून मी खाली आलो. सिस्टरांचा हात माझ्या हातावर होता. डोके दिसू लागले तेव्हा उजव्या हाताने पॅड धरून खालच्या कातडीला आधार दिला, डाव्या हाताची बोटे डोक्यावर ठेवून ते एकदम बाहेर उसळू नये एवढेच रोखले आणि तिला म्हणालो, "ताई, आता जोर नको, तोंडाने श्वास सोडा." डोके बाहेर येऊन बाजूला वळले. मानेला नाळेचा सैल वेढा होता. सिस्टरांनी बोटाने दाखवला आणि मी तो डोक्यावरून काढला. खांदे आले आणि उरलेले बाळ एकदम माझ्या हातांत आले, गरम आणि निसटते. ते आईच्या पोटावर ठेवून पुसले. सिस्टरांनी रक्तस्राव रोखण्यासाठी मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिले. नाळेतले स्पंदन थांबल्यावर मी चिमटे लावून ती कापली. वार पडल्यावर ट्रेमध्ये पसरून तिचे सर्व भाग आणि पडदे पूर्ण आहेत ना, ते दोघांनी मिळून पाहिले. एवढा वेळ माझ्या मनात मी पुरुष आहे हा विचार आलाच नाही. तो विचार करायला तिथे जागा नव्हती.

बाहेर तिचा नवरा आणि त्याचे दोन भाऊ उभे होते. मुलगी झाल्याचे मी सांगितले. त्याने आधी विचारले, "आत बाई होती ना?" मी म्हणालो, "सिस्टर पूर्ण वेळ होत्या, तुमच्या मंडळींना विचारूनच मी थांबलो." तो थोडा सैल झाला. सिस्टर बाळ घेऊन आल्या आणि त्याच्या पुढे धरले, तर त्याने हात मागे घेतले आणि भावांकडे पाहिले. मी त्याला बाकावर बसवले, कोपराच्या खोबणीत मान कशी ठेवायची ते दाखवले आणि बाळ त्याच्या हातांवर दिले. भाऊ पाहत होते. त्याने ते बराच वेळ घेतले आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात मला पाहून त्याने आपण होऊन विचारले की अंघोळ किती दिवसांनी घालायची आणि नाळेला काही लावायचे का. मी त्याला सांगितले की नाळ कोरडी ठेवायची, तिला हळद, तेल काही लावायचे नाही.

सर्वच बायका हो म्हणाल्या नाहीत. ज्यांनी नकार दिला त्यांच्या खाटेपासून मी लगेच बाजूला झालो आणि त्याचे वाईट वाटून घेतले नाही. त्यामुळे माझी नोंदवही मुलींपेक्षा उशिरा भरली आणि शेवटच्या काही प्रसूतींसाठी सुट्टीत जादा रात्रपाळ्या मागून घ्याव्या लागल्या. हा उशीर आधीच गृहीत धरून मुलांनी प्रसूती कक्षाची पोस्टिंग वर्षाच्या सुरुवातीला मागून घ्यावी. सही त्याच दिवशी घ्यावी, कारण सिस्टरांची बदली झाली की जुन्या नोंदीवर सही मिळणे दुरापास्त होते.

२०२५ च्या सुरुवातीला अंतिम वर्षाची परीक्षा झाली. निकालानंतर परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज केला. गुणपत्रिका, विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे पत्र, दहावीचे प्रमाणपत्र आणि छायाचित्र हे सर्व स्कॅन करून ठेवले होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे नाव आहे तसेच ते आधार आणि पदवीवर आहे ना, हे अंतिम परीक्षेचा फॉर्म भरतानाच तपासून घ्यावे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

नोकरीच्या बाजूचेही खरे ते सांगायला हवे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिचर्या महाविद्यालयात प्रवेश फक्त मुलींना असतो. एम्सच्या परिचर्या अधिकाऱ्यांच्या भरतीत २०१९ च्या निर्णयापासून ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना असे प्रमाण आहे. या प्रमाणाचा मला राग येत नाही. ज्या थोड्या क्षेत्रांत स्त्रियांना हमखास नोकरी मिळते त्यांतले हे एक आहे आणि आम्ही संख्येने थोडे असूनही पुढे-पुढे ढकलले जातो, हे मी वॉर्डात पाहिले आहे. पण तयारी करणाऱ्या मुलाने आपल्या वाट्याच्या जागा मोजूनच वर्षाचे नियोजन करावे. लग्नाबद्दलही विचारतात. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाने मुलगा नर्स आहे हे कळल्यावर निरोप पाठवणे थांबवले. दुसऱ्या एका घरी मुलगी स्वतः आरोग्यसेविका होती आणि तिने माझ्या रात्रपाळ्या किती असतात एवढेच विचारले. ती बोलणी अजून चालू आहेत.

गावात फरक पडला तो वेगळ्याच वाटेने. प्रोस्टेटच्या त्रासाने नळी घातलेली आमच्याकडची म्हातारी माणसे आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरांना काही दाखवत नाहीत, दुखले तरी अंगावर काढतात. दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा वडिलांनी स्वतः एकाला घरी आणले आणि म्हणाले, "आमचा मुलगा नर्स आहे, त्याला दाखवा." चुलतेही तिथे बसले होते. त्या गृहस्थांच्या नळीला जोडलेली पिशवी वर टांगलेली होती. ती मूत्राशयाच्या पातळीखाली असली पाहिजे आणि नळीला पीळ पडू द्यायचा नाही, हे मी त्यांना सांगितले आणि नळी बदलायला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेलो.

सध्या मी एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे, पगार वीस हजारांच्या घरात आहे. आम्हा मुलांना इथे अतिदक्षता, अपघात आणि शस्त्रक्रिया विभाग मिळतात. प्रसूती कक्षात आजवर पुरुष परिचारक नेमलेला नाही. गेल्या महिन्यात मी अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) प्रसूती कक्षासाठी लेखी अर्ज दिला आहे. त्यासोबत नोंदवहीच्या प्रती जोडल्या आहेत आणि प्रत्येक मातेची संमती आधी घेतली जाईल, सोबत महिला सहकारी असेल आणि नकार आल्यास मी त्या पाळीत नवजात शिशूंच्या कक्षात काम करीन, असे तीन मुद्दे लिहून दिले आहेत. पुढच्या महिन्याची ड्यूटी लावताना विचार करू, असे त्यांनी सांगितले आहे.